निर्यातबंदी उठणार कधी, हेही बंदीतच लिहा

कृषी अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : युद्ध, हवामान आणि महागाई एकमेकांत गुंतलेली असताना सरकारने निर्णय घ्यायचा कसा, आणि घेतलेला निर्णय लगेच फिरवला तर त्याला धोरण म्हणायचे की धरसोड? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून २०२२ च्या गव्हापासून सुरुवात करतो.

त्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. जगाच्या गहू-निर्यातीत या दोन देशांचा वाटा चौथ्या हिश्शाहून अधिक असल्याने भाव भडकले, आणि आपल्याकडे सुमारे १,११३ लाख टन पिकाचा अंदाज हाती असल्यामुळे जगाला गहू पुरवण्याची भाषा सुरू झाली. पण तो मार्च देशातील १२२ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या ऐन दिवसांत उन्हाची झळ बसली की ओंबी वरून ठीक दिसते, पण दाणा बारीक राहतो आणि वजन भरत नाही. त्यातच व्यापारी हमीभावाहून जास्त दर देऊ लागल्याने सरकारी खरेदी रोडावली. आदल्या वर्षी सुमारे ४३३ लाख टन असलेली ही खरेदी हंगामाअखेर १८८ लाख टनांवर थांबली. १२ मे रोजी निर्यातवाढीसाठी नऊ देशांत शिष्टमंडळे पाठवण्याची घोषणा झाली आणि १३ मे रोजी निर्यातबंदीची अधिसूचना निघाली.

या एका दिवसाच्या अंतराची खूप थट्टा झाली. मला मात्र बंदी तेव्हाही रास्त वाटली, कारण गोदामातला गहू रेशनचा होता. खटकले ते निराळेच. निर्यातीला उत्तेजन देतानाच ‘खरेदी अमुक टनांखाली गेली तर निर्यात थांबेल’ असे जाहीर केले असते, तर कांडला बंदरापाशी गव्हाचे ट्रक अडकून पडले नसते.

कांद्याच्या बाबतीत हे अधिक बोचते. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा-निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी आली. उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवला तर काही महिने टिकतो. डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही, तो पडेल त्या भावाला विकावाच लागतो. म्हणजे शहरी ग्राहकाला दिलेल्या दिलाशाची किंमत ज्याला थांबणेच शक्य नाही, अशा शेतकऱ्याने मोजली. निदान मुदत तरी ठरलेली होती, तर २२ मार्चच्या आदेशाने बंदी ‘पुढील आदेशापर्यंत’ लांबवली. ती उठली ४ मे रोजी, तीही प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. (कांदा पिकवणाऱ्या नाशिकचे लोकसभेचे मतदान २० मे रोजी होते, यावर अधिक बोलत नाही.)

अनिश्चितता असते तेव्हा तारखेपेक्षा अट बांधणे बरे, असे माझे मत आहे. ग्राहक व्यवहार विभाग देशभरातले किरकोळ भाव रोज गोळा करतोच. बंदी कोणत्या भावाला लागेल आणि कोणत्या भावाला उठेल, हे आधीच सांगण्यात माहितीची अडचण नाही. आकडा फोडला तर साठेबाजी होईल, हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. पण आकडा गुप्त ठेवल्यानेही साठेबाजी थांबत नाही. फरक एवढाच पडतो, की ज्याची दिल्लीत ओळख आहे त्याला तो आदल्या दिवशी कळतो आणि लासलगावात ट्रॅक्टर घेऊन आलेल्याला लिलाव बंद पडल्यावर.