ब्रोमो आणि इजेन एकाच वीकेंडला करू नका

आज बुधवार. रविवारी रात्री परत आलो, तरी पोटऱ्या अजून दुखतायत आणि दोनदा धुतलेल्या जॅकेटला गंधकाचा वास आहे तो आहेच. जावा बेटाच्या पूर्व टोकाचे दोन ज्वालामुखी, ब्रोमो आणि इजेन, आम्ही शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र या वेळात केले. जकार्तात राहणारी आपली माणसं हाच बेत आखतात, भारतातून पाहुणे आले की तर हमखास. एजंटने आम्हाला सांगितलं एक आणि निघालं दुसरंच. पुढच्यांचं तसं होऊ नये म्हणून अंगात शीण असतानाच लिहायला बसले आहे.

जकार्तात मला चार वर्षं झाली. महिन्यातले आठ-दहा दिवस सुराबाया नाहीतर सेमारांगच्या कारखान्यात जातात. मुख्य कार्यालयातून कोणी आलं की त्यांना जेवायला नेणं, एखादा रविवार त्यांच्याबरोबर बाजारात, घरी कोणी ना कोणी मुक्कामाला. असं असलं की मोकळ्या मिळालेल्या दोन दिवसांत जमेल तेवढं कोंबायची सवय लागते. या वेळी नाशिकहून ताई आणि दाजी आले होते. शुक्रवारी माझी सुराबायात मीटिंग होती, तेव्हा ते दोघे दुपारच्या विमानाने थेट तिथेच आले. दाजी अठ्ठावन्न वर्षांचे, दर पावसाळ्यानंतर कळसूबाई करणारे. त्यामुळे चढाची काळजी कोणालाच नव्हती.

एजंटचं वाक्य होतं, 'दोन रात्री, आरामात, समुआ तरमासुक.' म्हणजे सगळं धरून. प्रत्यक्षात शुक्रवारी सहाला सुराबाया सोडलं, दहाला ब्रोमोच्या काठावरचं चेमोरो लावांग गाव, अडीचला उठलो. शनिवारी अकराला निघालो ते साडेसहाला इजेनच्या पायथ्याशी, बान्युवांगी शहराच्या वरच्या अंगाला पोचलो. आठला आडवे झालो, साडेअकराला पुन्हा गजर. दोन रात्रींत मिळून जेमतेम सात तास झोप. ब्रोमो ते इजेन हा साडेसात तासांचा गाडीचा प्रवास एजंटच्या कागदावर 'दुपारी निसर्गरम्य वाटेने प्रस्थान' एवढ्या एका ओळीत मावला होता. वाटेतल्या प्रोबोलिंगो शहरानंतर मालट्रकांच्या मागे रांगत जायचं आहे हे त्यात नव्हतं.

ब्रोमोबद्दल थोडक्यात. विवराच्या पठारात स्वतःची गाडी नेता येत नाही, जुन्या लँडक्रूझर जीप घ्याव्याच लागतात. सूर्योदय पाहायचा पेनांजाकनचा कठडा २,७७० मीटरवर आहे, पहाटे कडाक्याची थंडी असते आणि शनिवारी तिथे माणसाला माणूस चिकटून उभा होता. सूर्योदय मी लोकांच्या हातातल्या मोबाइलच्या पडद्यांवरच जास्त पाहिला. शनिवार-रविवारी पेनांजाकनला जाऊ नका, जीपवाल्याला खालच्या एखाद्या टेकडीवर थांबायला सांगा. जावाचं सर्वांत उंच शिखर सेमेरू (३,६७६ मीटर) तिथूनही तेवढंच दिसतं, अधूनमधून धुराचा गोळा सोडत उभं असतं.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. ब्रोमोच्या विवराला साधारण अडीचशे पायऱ्या आहेत. त्या चढून गेलं की काठावर गणपती बसला आहे. खाली धूर ओकणारं विवर, वर राखेने माखलेली दगडाची मूर्ती आणि पुढ्यात ताजी फुलं. इथले तेंगर लोक हिंदू आहेत. कसादाच्या सणाला ते भाजीपाला, कोंबड्या, पैसे असं सगळं या विवरात अर्पण करतात. ताईने पर्समधला रुमाल काढून सोंडेवरची राख पुसली. शेजारी उभ्या असलेल्या तेंगर आजीबाईंनी तिला आपल्या हातातलं एक फूल दिलं, ते ताईने मूर्तीपुढे ठेवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गंधकामुळे नव्हतं.

शनिवारच्या दुपारबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कॉफी चांगली मिळाली.

आता इजेन. हे जरा सविस्तर सांगते, कारण फसगत झाली ती इथे.

वर जायला वैद्यकीय दाखला लागतो, 'सूरत केतेरांगान सेहत'. 'सगळं धरून' मध्ये तो नव्हता. रात्री साडेबाराला वाटेवरच्या एका खोलीत माणशी पन्नास हजार रुपिया घेऊन दाखले दिले. रक्तदाब मोजायची पट्टी टेबलावर होती, ती कोणाच्या दंडाला लागली नाही. दाजींचा गुडघा तिथे कोणी वाकवून पाहिला असता तर पुढचं टळलं असतं. दाखला आदल्या दिवशी बान्युवांगीतल्या सरकारी दवाखान्यातून घ्या आणि खरी तपासणी करून घ्या. (हिशेबासाठी, एक लाख रुपिया म्हणजे आपले पाच-साडेपाचशे रुपये.)

पायथ्याच्या पालतुडिंगचं फाटक आमच्या वेळी दोनला उघडलं. तिथून काठापर्यंत तीन किलोमीटरची वाट आणि पाचेकशे मीटरचा चढ. आतकरवाडीहून सिंहगड चढणाऱ्याला यात काही विशेष नाही. पहिले दोन किलोमीटर छातीवर येतात. पूर्वी गंधक तोलायची ती जुनी गोल इमारत, पोंडोक बुंडर, मागे पडली की वाट सपाट होत जाते. इथपर्यंत सगळे हसत-बोलत येतात. फसायला होतं ते यामुळेच, कारण खरी वाट यानंतर आहे.

निळी ज्वाला पाहायची तर काठावरून आत, विवराच्या तळाशी उतरावं लागतं. अंतर साधारण आठशे मीटर. एजंट याला 'छोटासा उतार' म्हणाला होता. तो उतार नाही, ती घसरण आहे. सुटे धोंडे, मध्ये घसारा, काही ठिकाणी गुडघाभर उंचीच्या पायऱ्या, अंधार, आणि समोरून ओझं घेऊन वर येणारे खाणकामगार. वाट एका माणसाची, आणि शनिवार-रविवारच्या रात्री तिच्यावर शेकडो पर्यटक. बॅटऱ्यांचा झोत एकमेकांच्या डोळ्यांत. आम्हाला उतरायला पन्नास मिनिटं लागली, त्यातली निम्मी तर नुसतं थांबण्यात गेली. गडांवरच्या उतारांवर मी कधी बसून उतरले नाही, इथे दोनदा बसले. पहिल्यांदा डोंगरावर येणाऱ्याला, गुडघे दुखणाऱ्याला आणि दमेकऱ्याला इथे उतरवू नका. ही जोखीम घ्यायची की नाही याचा विचार घरी बसून करा, काठावरच्या गर्दीत तो होत नाही. शिवाय वायू वाढला की आत उतरायला बंदी घालतात. तशी बंदी असेल तर गाईड कितीही म्हणाला तरी उतरू नका.

तळाशी काय आहे? भेगांतून गंधकाचे वायू ६०० अंशांपर्यंतच्या तापमानाला बाहेर येतात आणि हवा लागली की पेटतात. ज्वाला निळी, गॅसच्या शेगडीसारखी पण माणसापेक्षा उंच, आणि दगडांवरून ओघळल्यासारखी चालणारी. उजाडलं की दिसेनाशी होते. मी हातभर अंतरावरच्या माणसाशीही बोलले नाही, नुसती पाहत राहिले. त्या दहा मिनिटांसाठी मी ती घसरण पुन्हा उतरेन. आत्ता, या दुखऱ्या पोटऱ्यांनी सुद्धा.

मास्कचं नीट ऐका. कापडी किंवा दवाखान्यातला निळा मास्क इथे काही कामाचा नाही. दोन बाजूंना गाळणी असलेला वायूचा मास्कच हवा. खाली भाड्याने मिळतो, आमच्याकडून माणशी पन्नास हजार घेतले. हातात आला की गाळण्यांवर तळवे दाबून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला तर ठीक. माझा चिकटला नाही, पट्टा सैल होता. 'चालेल' म्हणत मी तसाच घेतला. तळाशी वाऱ्याने दिशा बदलली आणि पिवळा ढग अंगावर आला तेव्हा घशात जणू तिखटाची फक्की गेली. डोळे उघडेनात. आमच्या गाईडने दंडाला धरून बाजूला बसवलं, वारा फिरेपर्यंत तिथून हलता आलं नाही. डोळ्यांत लेन्स घालून जाऊ नका, आणि चांदी घरी ठेवा. दाजींची मोत्याची अंगठी सकाळपर्यंत काळी ठिक्कर पडली.

खाणकामगारांसाठी वाट सोडा, आणि ती डोंगराच्या बाजूला उभं राहून सोडा, दरीच्या बाजूला नाही. वायू मातीच्या नळ्यांतून खाली आणतात, तो थंड होऊन लाल रसासारखा ठिबकतो आणि मग पिवळा दगड होतो. तो पहारीने फोडायचा, वेताच्या दोन टोपल्यांत भरायचा, आणि सत्तर-ऐंशी किलोचं ते ओझं खांद्यावर घेऊन आम्ही जिथे रिकाम्या हाताने बसून उतरलो तिथून वर चढायचं. एकजण विसाव्याला टेकला तेव्हा त्याचा खांदा जवळून पाहिला. दांडी जिथे टेकते तिथे लिंबाएवढा घट्ट गोळा होता, कातडी चामड्यासारखी. त्याने टोपल्या उचलल्या आणि दांडी करकरली. फोटो काढणार असाल तर आधी विचारा आणि पैसे द्या. न विचारता तोंडावर फ्लॅश मारणारे लोक मी तिथे पाहिले, त्यात आपलेही होते. हे फार वाईट आहे.

दाजींचा गुडघा परत चढताना गेला. शेवटचे तीनशे मीटर त्यांनी माझ्या आणि गाईडच्या खांद्यावर हात टाकून केले. काठावर आलो तर उजाडत होतं. आणि तेव्हाच ते सरोवर दिसलं. जवळपास किलोमीटरभर रुंद, फिरोजी रंगाचं, संथ. त्यातलं पाणी म्हणजे तीव्र आम्ल आहे. कळा सोसत बसलेले दाजीही काही वेळ त्याच्याकडेच पाहत राहिले.

तिथून खाली तीन किलोमीटर त्यांना चालवणार नव्हतं. गंधकाच्या ढकलगाड्या हल्ली माणसांना नेतात, त्यांना ट्रोली म्हणतात. तिघेजण ओढतात-ढकलतात. खाली पालतुडिंगला रात्री एकाने 'फक्त उतरायचे दोन लाख' म्हटलेलं मी ऐकलं होतं. काठावर, दाजींचा पाय पाहिल्यावर, आकडा सात लाख झाला. आमचा गाईड म्हणाला, 'सगळे एवढेच घेतात.' शेवटी पाच लाखांवर ठरलं. ओढणाऱ्या तिघांबद्दल माझी तक्रार नाही. त्या उतारावर त्यांनी टाचा रोवून गाडी धरली, एकदाही धक्का बसू दिला नाही. पण खाली आल्यावर मी पैसे दिले ते सौदा करणाऱ्या चौथ्याच्या हातात. दोरीला हातही न लावलेल्या त्या माणसाने निम्म्याहून जास्त नोटा खिशात घातल्या आणि उरलेल्या तिघांना वाटल्या. माझ्या देखत. पाच लाख गेल्याचं मला काही वाटलं नाही, राग आला तो याचा.

तेव्हा बरोबर वयस्कर माणूस असेल तर ट्रोली चढायच्या आधी, पालतुडिंगलाच ठरवा. फक्त उतरायची. ओढणाऱ्यांशीच बोला, आकडा मोबाइलवर लिहून त्यांना दाखवा, आणि खाली आल्यावर तिघांना वेगवेगळे पैसे हातात द्या. सुट्या नोटा आदल्या दिवशीच करून ठेवा.

शेवटचा घोटाळा घड्याळाचा. परतीचं विमान बालीहून होतं, सात वाजून पाच मिनिटांचं. जावाच्या टोकाच्या केतापांग बंदरातून बोटीने बालीतल्या गिलिमानुकला उतरलं की बालीचं घड्याळ तासभर पुढे असतं. एजंटने सगळा हिशेब जावाच्या वेळेने केला होता. गिलिमानुकपासून विमानतळ चार तासांवर. आम्ही सव्वासहाला पोचलो, दाजींना चाकाच्या खुर्चीतून नेलं आणि दार बंद होता होता आत शिरलो. सोमवारी साडेआठला मी मीटिंगमध्ये होते. काय बोलले ते आठवत नाही.

एकच वीकेंड असेल तर ब्रोमो सोडा, इजेन करा. गणपतीसाठी ब्रोमोला वेगळे या, आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामाला सुराबायाला आलात की एक रात्र जोडून. इजेनसाठी शुक्रवारी सुराबाया गुबेंगहून रेल्वेने केतापांगला जा. शुक्रवारची रात्र झोपा. शनिवारी दाखला घ्या, मास्क तपासून घ्या, दुपारी पुन्हा झोपा. मध्यरात्री निघा. रविवारचं विमान बालीच्या वेळेने रात्री नऊच्या पुढचं घ्या. एजंट घेणारच असाल तर 'सगळं धरून' वर थांबू नका. जीप, तिकीट, दाखला, मास्क, गाईड, बोट, एकेक शब्द लिहून मागा आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहवून घ्या.

आणि तारीख ठरवताना एक बघा, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी इजेन बंद असतं.