पाणी नको, गाळ बघ

“पाणी काय, स्वच्छच दिसेल. गाळ बघ,” समुद्रतळाचा नमुना भरलेलं नळकांडं उभं चिरताना मैत्रीण आज म्हणाली.

वर बोटभर तपकिरी थर, खाली काळाकुळकुळीत. सडक्या अंड्याचा वास! त्या काळ्या थरात ऑक्सिजन नसतो. शिसं, कॅडमियम, तांबं असे धातू तिथे सल्फाइडला, म्हणजे गंधकाच्या संयुगाला, धरून बसतात. गाळ उपसला, ऑक्सिजन लागला, की त्यातले काही पुन्हा पाण्यात. म्हणजे काढायला जावं तर तेच मोकळे सुटणार.

जपानच्या मिनामाता खाडीत कारखान्याचा पारा सुटायचा थांबला १९६८ साली. तळातला गाळ उपसून भरावाखाली बंदिस्त करेपर्यंत १९९० उजाडलं.

आणि आपण? कारखान्याचा पाइप बंद झाला की प्रश्न मिटला म्हणतो. बंदरं खोल करताना निघणारा गाळ कुठे टाकतात, कुणी विचारतं का?