बदल नाही

अंतर्गत गुण भरायचं पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार होतं आणि तीन वाजून गेले तरी आम्ही तिघं एका नावावर अडून बसलो होतो. टॅलीबोन. माणूस खरा नाही, आणि नावही आम्हीच रचलेलं.

आमचं संशोधन सातत्यपूर्ण मूल्यमापनावर आहे. अनुवादाच्या वर्गात एकदम शेवटी न तपासता सत्रभर थोडं थोडं तपासत गेलं, तर मुलं निर्णय कसे घेतात आणि कसे फिरवतात, हे पाहायचं. त्यासाठी कल्पित नावं निवडली, कारण तिथे शब्दकोश हात टेकतो. छापील कादंबरी घेतली असती तर तिची तयार भाषांतरं मोबाईलवर निघाली असती, म्हणून इंग्रजी कथा आम्हीच लिहिली आणि दर आठवड्याला एकच तुकडा दिला. पुढचं कुणालाच माहीत नाही. मालिकेच्या अनुवादकाची गत हीच असते. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात खलनायकाच्या पूर्ण नावातली अक्षरं फिरवली की वेगळंच वाक्य तयार होतं. ते फ्रेंचमध्ये जुळवायला अनुवादकाने त्याचं मधलं नाव 'एल्विस' केलं. सहाव्या भागात कळलं की मधलं नाव आजोबांचं आहे. झालं, फ्रेंच वाचकांसाठी ते महाभयंकर आजोबाही एल्विस! हे मी सुरुवातीलाच सांगते. मुलं हसतात, आणि पुढच्याच आठवड्यात बिनधास्त नावं ठोकून मोकळी होतात.

टॅलीबोन हा दफनभूमीच्या कचेरीतला कारकून. टॅली म्हणजे मोजदाद, बोन म्हणजे हाड. नोकरी दफनभूमीत लावली ती मुद्दामच. निम्म्याहून जास्त वर्गाने 'हाडमोजे' लिहिलं. आडनाव म्हणून बेमालूम आहे, पण मोठ्याने वाचलं की पायमोजे डोळ्यांपुढे येतात आणि अंत्यविधीच्या प्रसंगात हसू फुटतं. त्यात विभक्ती. 'हाडमोजेंनी नोंद केली' म्हटलं तर आडनाव टिकतं, 'हाडमोज्यांनी' म्हटलं की थेट लोकर. इंग्रजीत नावाला असला जाच नाही. एकाने 'अस्थिसेन' केलं, तर कारकुनाचा राजा झाला. कथेत एक प्राणी आहे, इंग्रजीत तो शेवटपर्यंत नुसता 'इट'. मराठीत पहिल्याच क्रियापदाला तो, ती की ते हे ठरवून टाकावं लागतं. त्यावर मुलांनी जी भांडणं केली ती ऐकताना मला या नोकरीचा पगार मिळतो याचंच आश्चर्य वाटलं.

शेवटच्या तुकड्यात खरी मेख होती. टॅलीबोन समुद्रापलीकडून आलेला आहे, नाव त्याच्या मायबोलीतलं आहे, त्याचा अर्थ 'पहाटे जन्मलेला'. हाडं आणि मोजदाद हा निव्वळ योगायोग. टॉल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या अनुवादकांसाठी नावांची मार्गदर्शिका लिहिली, तीही डच आणि स्वीडिश अनुवादांवर वैतागून. तिचं सूत्र साधारण असं, की इंग्रजीतून घडलेली नावं अर्थाने भाषांतरित करा, बाकीच्यांना हात लावू नका. त्या न्यायाने टॅलीबोन हा टॅलीबोनच राहायला हवा.

आता त्या दोन फाइली. एका मुलीने पहिल्या आठवड्यात टॅलीबोन लिहिलं, मग हाडमोजे, मग गणहाडे, मग अस्थिपाल, आणि शेवटी परत टॅलीबोन. प्रत्येक पायरीला अर्धं पान कारणं, सुवाच्य. दुसऱ्या फाइलीतल्या मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत टॅलीबोनच ठेवलं. कारणाच्या रकान्यात दर आठवड्याला दोनच शब्द: 'बदल नाही.'

आमच्या तक्त्यात वीसपैकी आठ गुण प्रगतीला, सहा तर्काला, सहा अंतिम निर्णयाला. ज्येष्ठ सरांचं म्हणणं, दोघांची सुरुवात आणि शेवट एकच, म्हणजे प्रगती दोघांचीही शून्य. सर तक्त्याबाहेर विचार करत नाहीत. त्यामुळे त्यांचं तपासणं वेळेत संपतं. आकडेमोड सांभाळणारा आमचा तरुण सहकारी म्हणाला, मुलीला पैकीच्या पैकी आणि मुलगा आळशी. मला 'आळशी' हा शब्द पटेना, कारण त्याच फाइलीत मर्कवेल या गावाचं त्याने 'गढुळी' केलं होतं. बाकी वर्ग 'गढूळविहीर' करून थांबला होता. गढुळी! एस.टी.च्या पाटीवर शोभेल असं नाव. हे आळशी माणसाला सुचत नाही.

मी त्याला बोलावून घेतलं. तोंडी परीक्षा आमच्या पद्धतीत बसत नाही, हे सरांनी लगेच सांगितलं.

"बाकीची नावं मराठी केलीस, हेच का ठेवलंस?"

"मॅडम, गावात सगळ्यांना नाव आणि आडनाव आहे, याला एकच शब्द आहे. आणि दुसऱ्या तुकड्यात तो नाव सांगतो तेव्हा दफ्तरदार 'काय म्हणालात?' असं परत विचारतो. आपल्यातलं नाव असतं तर परत कशाला विचारलं असतं?"

तो 'काय म्हणालात?' आम्ही पेरून ठेवलेला होता. अख्ख्या वर्गात दुसऱ्या कुणाच्या टिपणात त्याचा उल्लेख नाही, त्या मुलीच्याही नाही.

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"रकान्यात 'बदलाचे कारण' असं छापलंय. मी बदल केलाच नाही."

छापील नमुना वरून आलेला, आम्हाला त्यात अक्षरही हलवायची मुभा नाही. पण तो गेल्यावर सर जे म्हणाले त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. "शेवट कळल्यावर आधीच्या खुणा सगळ्यांनाच दिसतात, मॅडम. त्याला हे दुसऱ्या आठवड्यात दिसलं होतं की काल?" खरंच, पुरावा काय? मुलीचा विचार कागदावर आहे, तारखेसह. याचा डोक्यात होता, किंवा नव्हता. आणि असला तर मग प्रश्न आणखी चिघळतो: पहिल्या दिवशीच बरोबर असलेल्याला प्रगतीचे आठ गुण कुठून द्यायचे? चुकून सुधारलं असतं तर मिळाले असते.

तरुण सहकाऱ्याने उपाय काढला, दोन्ही फाइली नमुन्यातून वगळा. तपासनीसांचं एकमत मोजायला आम्ही कोहेनचा कॅपा वापरतो, 1960 पासून रूढ असलेलं माप. पूर्ण एकमत असेल तर एक, योगायोगाइतकंच असेल तर शून्य. या दोन फाइलींनी तो खाली ओढला होता. मी नाही म्हटलं. ज्या फाइलींवर भांडण झालं त्याच काढून टाकून एकमत दाखवायचं, तर तपासायचं कशाला?

हे सगळं पोर्टलमुळे आणखी बिघडतं. रूथ बटलर यांचा 1988 मधला अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे: नुसते शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, शेऱ्यांसोबत गुण दिले की तो फायदा उरला नाही. म्हणून आम्हाला आठवड्याला फक्त शेरे द्यायचे होते. कार्यालयाला मात्र दर आठवड्याला आकडा हवा, रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे सरकत नाही. मुलंही शेरा वाचण्याआधी विचारतात, "पण किती?" त्यांना तरी काय बोल लावायचा.

मुलीच्या प्रगतीवर सर शेवटी अर्धं पाऊल मागे आले आणि तिला चौदा गुण ठरले. मुलाला अंतिम निर्णयाचे सहा मिळाले, तर्काचे तीन, प्रगतीचा शून्य. पोर्टल बंद व्हायला दहा मिनिटं असताना मी कार्यालयात फोन करून विचारलं, तोंडी उत्तराचे वेगळे गुण कुठे भरता येतील. पलीकडचा कारकून भला माणूस. म्हणाला, "तसा रकाना नाही, मॅडम. उपस्थितीत टाका ना, तिथे जागा आहे."