शिवण कुठे गेली?

क्विल्टवरच्या हिमकणांवरून बोट फिरवत माणसं मला हमखास विचारतात, “तुकडे जोडून केलंय म्हणता, मग जोड दिसत का नाहीत?” उभ्याउभ्या काय सांगणार? “कापडच तसं आहे,” एवढंच म्हणते. पण ते अर्धंच उत्तर झालं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

हिमकणाला सहा हात असतात, कारण पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. कापडाच्या हिशेबात ३६० भागिले सहा, म्हणजे प्रत्येक हाताला ६० अंशांची एक फाक. इथपर्यंत कुणालाही सुचेल. मात्र नीट पाहिलं तर प्रत्येक हात स्वतःसुद्धा डावीउजवीकडे सारखा असतो. मधोमध रेघ ओढली, की डावीकडची फांदी ही उजवीकडच्या फांदीचं आरशातलं रूप. जोड लपतात ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

ते मला कळलं एका फसलेल्या चौकोनावरून. साध्या वेलबुट्टीच्या कापडातून मी अगदी एकसारख्या सहा फाका कापल्या आणि जोडल्या. हिमकण काही झाला नाही, भिरभिरं झालं. सगळी पानं उजवीकडे कललेली, आणि प्रत्येक शिवणीवर एका पानाचं टोक शेजारच्या फाकेतल्या मोकळ्या जागेला जाऊन भिडलेलं. हात चुकला असेल म्हणून सगळं उसवलं, पुन्हा शिवलं. पुन्हा भिरभिरं! मग लक्षात आलं की जोडावर एका फाकेची उजवी कड दुसरीच्या डाव्या कडेला भेटते. त्या दोन कडा मुळातच वेगळ्या असतील, तर कितीही सफाईने शिवा, तिथे रेघ उमटणारच. भिरभिऱ्याचीही क्विल्ट सुंदर होते, पण मला हिमकण हवा होता.

उजव्या कडेसारखीच डावी कड हवी, तर ते चित्र उलटं करून मिळायला हवं. कापड उलटं करून भागत नाही, पाठीमागे रंग फिका असतो. (बाटिकचं तसं नाही. त्याच्या दोन्ही बाजू बऱ्याचदा सारख्याच गडद निघतात.) म्हणून लागतं ते आरसा-प्रिंटचं कापड. त्यात नक्षीच अशी छापलेली असते की एका मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तेच चित्र, एकदा सुलटं आणि एकदा उलटं. फाकेचा मध्य त्या रेषेवर बसवला, की फाकेच्या दोन्ही कडा एकमेकींची प्रतिबिंबं होतात. मग शेजारच्या दोन फाका जोडताना पाकळीला पाकळी, ठिपक्याला ठिपका मिळतो. आपली नजर रंग जिथे तुटतो तिथे थांबते. तो तुटलाच नाही, तर ती शिवण ओलांडून पुढे निघून जाते. दोरा तिथेच असतो, बोटाला लागतोही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पॉला नाडेलस्टर्न या कॅलिडोस्कोपसारख्या क्विल्टसाठी ओळखल्या जातात, आणि अशी आरसा-प्रिंटची कापडं त्यांनी स्वतः डिझाइन केली आहेत. त्यांच्या क्विल्टमध्ये जोड शोधून दाखवणं मला अजून जमलेलं नाही.

कापायच्या आधी मी दोन छोटे आरसे ६० अंशांच्या कोनात कापडावर उभे करते. मधली रेषा दोन्ही आरशांच्या बरोबर मध्ये ठेवून त्यांना वरखाली सरकवत राहायचं. प्रत्येक बोटभर अंतरावर नवा हिमकण उघडतो. तासभर जातो, आणि तो तास मला फार प्रिय आहे. एकदा अशाच एका कापडावर पिसांची जोडी होती. पिसांच्या टोकाशी धरलं तर काटेरी तारा दिसे, देठाशी धरलं तर गोल फूल. मधे कुठेतरी दोन पिसांच्या फटीतला पांढरा थेंब बरोबर केंद्राशी आला आणि सहा थेंबांची चांदणी झाली. तिथेच खडूने खूण केली.

मग पारदर्शक प्लास्टिकची फाक घ्यायची. तिच्यावर मधली रेघ, कडेपासून पाव इंच आत माया (शिवणीत जाणारी जागा) दाखवणारी रेघ, आणि त्या जागेवरच्या नक्षीच्या दोनतीन ठळक खुणा पेनने काढायच्या. माझ्या खुणा होत्या थेंबाचं टोक आणि पिसाचं वळण. पुढच्या पाच फाका कापताना प्लास्टिकवरचं वळण कापडावरच्या वळणावर तंतोतंत बसलं पाहिजे. इथे घाई करू नका, एवढं कळकळीने सांगते. कापडही हात राखून घेऊ नका. नक्षी दर २४ इंचांनी परत येत असेल आणि तुम्हाला हवा तो भाग तेवढ्यात एकदाच येत असेल, तर सहा फाकांसाठी चार यार्ड लागतात. उरलेलं कापड चाळणीसारखं दिसतं. मला सुरुवातीला फार जड जायचं ते.

नुसत्या नक्षीच्या फाका जोडल्या तर भरगच्च फूल होतं, हिमकण होत नाही. हिमकणाच्या हातांमधली जागा मोकळी दिसायला हवी. म्हणून फाक एकसंध कापायची नाही. मधे नक्षीचा हात, आणि त्याच्या दोन्ही अंगांना गडद निळ्या किंवा काळ्या साध्या कापडाच्या निमुळत्या पट्ट्या. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या जेरिको इथल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकातून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि पुढे पाच हजारांहून जास्त काढले. हिमकण काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसावा, म्हणून तो निगेटिव्हवर हिमकणाभोवतीचा थर कोरून काढायचा. बाकीचं सगळं बाजूला करून फक्त तो कण समोर ठेवायचा, यासाठी किती निगुती! निळ्या पट्ट्या शिवताना मला त्याची आठवण येते.

फाकेची एक तरी कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येतेच, आणि उरेब कड हाताळताना ताणली जाते. म्हणून कापण्याआधी कापडाला खळ देऊन कडक इस्त्री करते. शिवणीच्या चुकाही दोन प्रकारच्या असतात. माया सगळीकडे सारखीच थोडी जास्त गेली, तर कोन बदलत नाही, फक्त टोकाची नक्षी आत गिळली जाते आणि थेंबाची चांदणी नाहीशी होते. पण शिवण तिरकी जाऊन प्रत्येक फाक एका अंशाने जरी अरुंद झाली, तर सहा फाकांचे सहा अंश कमी पडतात आणि हिमकण मधे तंबूसारखा उभा राहतो. ती सूज इस्त्रीने बसत नाही. उसवावंच लागतं.

शेवटी तीन-तीन फाकांचे दोन अर्धगोल करायचे आणि मधून एकच सरळ शिवण घालायची. ती मी एकदम घालत नाही. आधी केंद्राजवळच्या दोन इंचांवर मशीनचे लांब टाके मारते, उघडते, आणि सहाही टोकं एका बिंदूत आली का ते खिडकीशी नेऊन बघते. नाही आली तर ते टाके काढायला अर्धं मिनिट लागतं. आली तर शिवणीच्या दोन्ही माया दोन बाजूंना उघडून दाबते. एकीकडे दाबल्या तर मधे गाठ जाणवते, आणि तुमचं बोट नेमकं तिथेच फिरतं.