उलटी बाजू

साखळी टाक्याने भरलेली माझी पहिली वेल आज उत्साहाने पुढे केली, तेव्हा शिकवणाऱ्या काकूंनी रुमाल हातात घेताच उलटा केला आणि म्हणाल्या, "आधी मागची बाजू बघू दे."

मागे गाठींचे पुंजके होते आणि एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत सैल दोरा तसाच ओढून नेलेला होता.

त्यांनी सांगितले की, धारवाडकडच्या कसुती या भरतकामात गाठ मारतच नाहीत, आणि धावदोऱ्याने पुढे जाऊन त्याच वाटेने परतताना मधल्या मोकळ्या जागा भरल्यामुळे त्यातला गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

घरी येऊन आजीच्या इरकलीचा कसुती केलेला पदर प्रथमच उलटून पाहिला आणि त्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

तुमच्या घरातल्या जुन्या भरतकामाची मागची बाजू तुम्ही कधी पाहिली आहे का?