बारा पॉइंटची वाचक

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ठरवायची मीटिंग होती. स्त्रियांचं जुनं मासिक, पुण्यातलं. नाव सांगत नाही. मी बाहेरून त्यांचं ले-आउट करून देतो. जाहिरात विभागातल्या पोरानं 'आपली वाचक' टेबलावर मांडली : वय २८, आयटीत नोकरी, एक मूल, शनिवारी मॉल. चौथ्या कव्हरवर, म्हणजे अंकाच्या पाठीवर, सराफाची पानभर जाहिरात येणार होती आणि सराफाला हीच बाई हवी होती. म्हणून मुखपृष्ठावर तीच. लिननचा कुर्ता, मांडीवर लॅपटॉप, हातात पेटती पणती. लॅपटॉपवर तेल सांडलं तर काय, हे फोटोग्राफरला कुणी विचारलं नसावं.

इथवर माझी तक्रार नव्हती. मुखपृष्ठावरची बाई वाचकाहून तरुणच असते. चित्रकार दीनानाथ दलालांनी 'दीपावली' दिवाळी अंकासाठी रंगवलेल्या बायका तरी कुणाच्या घरात होत्या? 'आवाज' या विनोदी दिवाळी अंकानं तर कागदाला खिडकी कापून आपला वाचक हेरला : वरून चित्र चावट, पान उलटलं की साधंसरळ. अंक कुणासाठी आहे हे सांगायला मजकूर लागलाच नाही.

वाद पेटला आतल्या पानांवर. संपादक मॅडमना 'मोकळं' पान हवं होतं. म्हणजे १० पॉइंट (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप), सडपातळ फॉन्ट, करडी अक्षरं, भरपूर पांढरी जागा. नमुना म्हणून एक इंग्रजी फॅशन मासिक. इंग्रजी मासिक आणून डिझायनरसमोर आपटायचं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग. देवनागरीच्या १० पॉइंटांत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार मावायचे असतात; उरेल त्यात अक्षर. त्यामुळे आपले १० पॉइंट त्यांच्या १० पॉइंटांपेक्षा बरेच बारीक दिसतात. त्यात करडा म्हणजे काळ्या शाईच्या ठिपक्यांची जाळी. सडपातळ अक्षराच्या कडा त्या जाळीत तुटतात. मी ते पान प्रेसमधून मॅपलिथोवर, म्हणजे छपाईच्या साध्या कागदावर, काढून नेलं होतं. 'गर्दी'तला रफार वेलांटीत गडप झाला होता आणि कथेच्या पहिल्याच ओळीत 'गदी' जमली होती. स्क्रीनवर सगळं सुंदर दिसतं हो. वाचक स्क्रीनवर वाचत नाही.

वर्गणी बघणारे काका छपाईच्या प्रतींचा आकडा घेऊन आले होते. त्यांनी ते पान हातभर लांब धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि काही न बोलता खिडकीपाशी गेले. मग नूतनीकरणाच्या फॉर्मांचा गठ्ठा आणून ठेवला. थरथरती, टपोरी अक्षरं. एकीनं समासात लिहिलं होतं, 'शब्दकोड्याचे चौकोन मोठे करा, भिंग धरून पेन धरता येत नाही.'

"सर, हे वाचक क्लायंटला दाखवता येत नाहीत," पोरगा म्हणाला. त्याचा राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता.

मी म्हटलं, मग पासष्टीची एखादी झकास आजीच मुखपृष्ठावर घेऊ. मला वाटलं होतं काका तरी माझ्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, "छे हो! आमची ही असला अंक हातात धरायची नाही. म्हातारी बघायला आरसा आहे घरात."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. म्हणजे तिला तरुण बाई दाखवायची आणि तिच्या डोळ्यांचं गुपित आत सांभाळायचं? की हा आपला सोयीचा समज, आणि खरी आजी कुणी कधी छापूनच पाहिली नाही?

शेवटी १२ पॉइंट, १६चं लीडिंग (ओळीपासून ओळीचं अंतर), निव्वळ काळी शाई. पानं वाढणार होती. पण १६ पानांचा आणखी एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, घ्यायला मालक तयार नव्हते, म्हणून एक कथा गेली. बरी होती. कोड्याला पूर्ण पान मिळालं. सराफाची जाहिरात एजन्सीकडून तयार फाइल म्हणून आली, हात लावायचा नाही या अटीवर. तिच्यात घडणावळीच्या सवलतीचे नियम तळाशी, ६ पॉइंटांत, सोनेरीवर पांढऱ्या अक्षरांत होते.