‘कऱ्हाड’ शोधलं की शून्य ओळी का येतात?

नोंद डेटाबेसच्या टेबलात आहे, पडद्यावर स्वच्छ दिसते आहे, आणि तेच नाव शोधपेटीत टाकलं की शून्य ओळी. ‘सातारा’ सापडतं, ‘पाटण’ सापडतं, अडतं ते ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ असलेल्या नावांपाशी. असं झालं तर इंडेक्सवर (शोध जलद करणाऱ्या सूचीवर) संशय घेण्याआधी अक्षरं मोजा.

‘कऱ्हाड’मध्ये क, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड अशी ६ युनिकोड (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक) चिन्हं असायला हवीत. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण १८ बाइट. कॅरेक्टर-लेंग्थ फंक्शनने ७ आणि बाइटची लांबी २१ दाखवली, तर आत एक पाहुणा आहे. तो दोनपैकी एक असतो. एक तर ‘ऱ’ हे एक चिन्ह (०९३१) नसून ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब, ०९३सी) अशी जोडी आहे. किंवा टाइप करणाऱ्याच्या कळफलकाने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्यरुंद जोडक (२००डी) टाकला आहे. नक्की कोण ते बाइट उघडे करून दाखवणारं हेक्स फंक्शन सांगतं: ई२ ८० ८डी हे तीन बाइट दिसले की जोडक समजा.

तिन्ही रूपं पडद्यावर सारखीच दिसतात. यांतलं ‘ऱ’ आणि हलन्त हे युनिकोडने सुचवलेलं रूप आहे. जोडकाचं रूप जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेलं आहे, त्यामुळे जुन्या नोंदींमध्ये ते हमखास भेटतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नेहमीच्या तुलनेत दोन मजकूर समान असायला बाइट जुळावे लागतात, म्हणून तिथे ही तिन्ही रूपं तीन वेगळे शब्द ठरतात. मायएसक्यूएल ८मध्ये आजार उलटा आहे. तिथलं मूळ कोलेशन, म्हणजे तुलनेचे नियम (०९००, एआय, सीआय: खुणांचा आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न मानणारं), नुक्त्याला गौण मानतं आणि जोडक पूर्ण वगळतं. म्हणून बरोबरच्या चिन्हाने (=) तुलना केली की ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच! डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळतो. आचारी आणि आचार्य यांचंही तेच होतं: ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत फरक उरत नाही. अशा कॉलमवर युनिक की (एकच मूल्य दोनदा न घेणारी अट) असेल तर दुसरा शब्द भरताना ‘डुप्लिकेट एंट्री’ येते. हे फरक मानणारं एएस-सीएस कोलेशन घेतलं तर ‘ऱ’ वेगळा राहतो, पण जोडक तरीही वगळला जातो आणि जोडकाने लिहिलेल्या ‘दऱ्या’ समुद्रातच जातात. शिवाय नमुन्याने शोधणारं लाइक एकेक चिन्ह घेऊन तुलना करतं. बरोबरच्या चिन्हाने सापडलेली ओळ लाइकने सापडत नाही ती यामुळे.

इथे बहुतेक जण लॅटिन लिपीसाठी लिहिलेला उपाय उचलतात: मजकूर एनएफडीमध्ये (अक्षर आणि त्याची खूण सुटी ठेवणाऱ्या युनिकोड रूपात) फोडा आणि जोडचिन्हं काढून टाका. फ्रेंच नावांना किंवा गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नोंदींमधल्या टिल्डला तो ठीक आहे. देवनागरीवर तो चालवू नका. उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या लेखी त्याच वर्गातली जोडचिन्हं आहेत, त्यामुळे ‘पुणे’चं ‘पण’ होतं आणि ‘कोल्हापूर’चं ‘कोलहापर’. मराठीत ती सजावट नाही, शब्दच आहे. एसक्यूलाइट डेटाबेसच्या एफटीएस५ या मजकूर-शोधातही याच जातीचा खड्डा आहे. त्याचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मूळ मांडणीत अक्षरं आणि अंकच शब्दात धरतो, मात्रेपाशी शब्द तोडतो. कॅटेगरीज पर्यायात एमएन आणि एमसी हे जोडचिन्हांचे वर्ग वाढवले की शब्द अखंड राहतात.

टिकाऊ उपाय म्हणजे शोधासाठी वेगळा कॉलम. मूळ नाव जसंच्या तसं ठेवा. शेजारच्या कॉलममध्ये त्याचं एकसारखं केलेलं रूप ठेवा, आणि वापरकर्त्याने टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून काढा. एकाच बाजूला शुद्धी केली तर आधी सापडत होतं तेही हरवतं.

फंक्शनमधला क्रम महत्त्वाचा आहे. आधी एनएफसी, म्हणजे सुटी चिन्हं जोडून एक करणारं रूप. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३पासून नॉर्मलाइज फंक्शन आहे. मायएसक्यूएलमध्ये तसं काही नाही, तिथे हे काम पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये उरकून मगच ओळ भरायची. एनएफसीने र आणि नुक्ता यांचा एक ‘ऱ’ होतो. नंतर ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. त्यानंतरच उरलेले जोडक (२००डी) आणि विभाजक (२००सी) काढा. ही दोन पावलं उलटली तर जोडक आधी जातो आणि जोडकाने लिहिलेल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो.

मग ‘ॲ’. हे चिन्ह (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली आवृत्ती ५.१मध्ये आलं. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन किंवा हिंदी कळफलकावरच्या ‘ऍ’ने (०९०डी) लिहिलेला असतो, आणि एनएफसी यांना एक करत नाही. दोन रिप्लेस स्वतः लिहावे लागतात, नाहीतर ‘ॲड.’ लावलेले निम्मे वकील यादीतून गळतात.

उर्दू शब्दांतला नुक्ता शोधात नको असेल तर तो एनएफसीनंतर बिनधास्त काढा. क़, ज़, फ़ ही अक्षरं एनएफसीमध्ये मुद्दाम सुटीच राहतात आणि ‘ऱ’ जोडलेला राहतो, त्यामुळे ०९३सी काढल्यावर ‘ज़’चा ‘ज’ होतो पण कऱ्हाड शाबूत राहतं. एनएफडीवर हेच केलंत तर ‘ऱ’ही जातो. शेवटी न तुटणारी मोकळी जागा (००ए०) साध्या जागेत बदला. वर्डमधून चिकटवलेल्या नावांत ती असतेच.

पोस्टग्रेसमध्ये हे सगळं आपोआप भरणाऱ्या स्टोअर्ड जनरेटेड कॉलममध्ये बसतं, कारण नॉर्मलाइज, रिप्लेस आणि ट्रान्सलेट तिन्ही इम्युटेबल (तोच मजकूर दिला की नेहमी तेच उत्तर देणारी) आहेत. खुणा काढणारं अनॲक्सेंट तसं नाही, आणि देवनागरीसाठी त्याचा उपयोगही नाही. शब्दाच्या सुरुवातीपासून लाइक चालवायचं असेल तर इंडेक्सला टेक्स्ट-पॅटर्न-ऑप्स हा पर्याय द्या. चालू टेबलात असा कॉलम जोडताना पूर्ण टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर वाचनालाही कुलूप लागतं, म्हणून मोठ्या टेबलासाठी रात्रीची वेळ ठरवा.